उपसूचना क्रमांक चार

अठ्ठावीस फेब्रुवारी, विशेष सभा, सकाळी अकरा.
कोरम बारा वाजता झाला.
पंखा तीनवर. अंदाजपत्रकाच्या पानांवर
शिपाई हळदणकरांनी कालवांच्या शिंपा ठेवल्यात,
पेपरवेट गेल्या वर्षीच्या तरतुदीत बसले नव्हते.

मी सभा लिपिक. माझं काम ऐकणं नाही,
ऐकलेल्याचं इतिवृत्त करणं.

पहिली उपसूचना तलावातल्या कारंज्याची,
सूचक पराडकर. पाऊण तास चालली.
कारंजं रंगीत असावं की साधं,
यावर तीन नगरसेवक उभे राहिले,
एक बसता बसता पुन्हा उठला.
दुसरी कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची. मागे घेतली.
तिसरी सोलकरांची, कब्रस्तानच्या भिंतीची.
तिला कुणीतरी स्मशानशेडचे पत्रे जोडले
आणि दोन्ही एकमतानं मंजूर झाले.
मेलेल्यांबद्दल सभागृहात सहसा दुमत नसतं.

मग यशवंती तांडेल, प्रभाग सहा.
तिनं माईक हातानं बाजूला केला.
‘ओहोटीक जेटीची शेवटची पायरी दिसना नाय.
पाटी डोक्यार, खाली शेवाळ,
पाय खंय ठेवचो?
एक दिवो होयो. तितकोच.’

उपसूचना लेखी लागते. कागद माझ्याकडे आला.
मी लिहिलं:
‘जेटीच्या अंतिम पायरीलगत पुरेशा प्रकाशव्यवस्थेअभावी
मत्स्यविक्रेत्या महिलांची गैरसोय होत असल्याने
रुपये छत्तीस हजार इतकी तरतूद करण्यात यावी.’
तिनं खाली सही केली, सावकाश,
तांडेलमधला ‘डे’ सुटा राहिला.
अनुमोदक म्हणून सोलकरांनी हात वर केला,
आणि मग तो हात खाली घ्यायला विसरले.

कुठून आणायचे, लेखापाल म्हणाले.
हा त्यांचा एकच प्रश्न, तीस वर्षं,
आणि तो बरोबरच असतो.
सुशोभीकरणातून? पराडकर हलले.
आकस्मिक खर्चातून? तो आधीच झालाय.
चहापानातून, असं मागून कुणीतरी म्हणालं,
तेव्हा मात्र शांतता पसरली.
हळदणकर ट्रे घेऊन दारातच थांबले.

शेवटी अध्यक्षांनी मार्ग काढला.
निम्मे यंदा, निम्मे पुढल्या वर्षी.
अठरा हजार. मंजूर. पुढचा विषय.

यशवंतीबाई बसल्या नव्हत्या.
‘अर्धो दिवो कसो लावतलास?’

सभागृह हसलं. चांगलं मोकळं हसलं,
अध्यक्षही, लेखापालही. मीही.
ती हसली नाही.
वाट बघत उभी राहिली,
तराजूत मासळी टाकल्यावर काटा थांबेपर्यंत
ती बहुधा अशीच उभी राहत असेल.
काटा थांबला नाही. पुढचा विषय पुकारला गेला.
माझ्या वहीत त्या जागी एवढंच:
‘चर्चेअंती सुधारणेसह मंजूर.’

मे महिन्यात खांब बसला. दिवा नाही.
अठरा हजारांत खांबच येतो.
आता त्याला एक होडी बांधतात,
त्यावर दिवसा खंड्या बसतो,
आणि रात्री पायरी शोधताना बायका
आधी त्याला धडकतात, मग पायरीला.

जूनच्या सभेत विषय क्रमांक एक,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
यावर कधी कोणी बोलत नाही.
मी भरभर वाचत होतो,
अर्धं सभागृह मोबाईलमध्ये,
बाहेर गटाराचं पाणी पायरीपर्यंत आलेलं.
‘थांब जरा,’ ती म्हणाली.
‘माझो प्रश्न खंय गेलो?’

नियमात आहे. सदस्य दुरुस्ती सुचवू शकतो.
अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं,
मी लेखापालांकडे, लेखापालांनी छताकडे.
आकडे बदलत नव्हते. हरकत कुणाची नव्हती.

पान सात, ओळ तिसरी.
समासात, माझ्या अक्षरात, तिच्या शब्दांत.
शुद्धलेखन तपासायला मुख्याधिकाऱ्यांकडे गेलं होतं.
‘अर्धो’खाली त्यांनी लाल रेघ मारली,
मग, का कुणास ठाऊक,
तीच रेघ पुन्हा खोडली.