फोडणीची पाटी

शनिवारी शर्वरी येते तेव्हा
फोडणी दिवाणाखाली जाते.
अंगभर काळे-पिवळे ठिपके, मोहरी तडतडल्यासारखे,
म्हणून हे नाव. मी नाही, वॉचमनच्या बायकोने ठेवलेलं.

शर्वरी चपलांसकट फरशीवर पालथी,
हात खांद्यापर्यंत आत:
"ये ना, ये ना, ये की गं!"

मागच्या वेळी याच हातावर तीन रेघा उठल्या.
पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली,
मग रविवारी उघडा दवाखाना शोधत अख्खं वारजे,
इंजेक्शन, आणि रात्री फोनवर तिची आई:
मांजर देऊन टाक कुणाला तरी.
मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

म्हणून आज शिकवणी.
हात बाहेर काढ. बस. अशी, जरा तिरकी,
जणू तुला तिचं काही पडलेलंच नाही.
टक लावून बघू नकोस, तिला ते भांडण वाटतं.
एक बोट पुढे धर. ढकलायचं नाही, नुसतं धरायचं.
गाल घासला तर हो.
मान फिरवली तर नाही.
"आणि काहीच नाही केलं तर?"
तर तेही नाहीच.

शेपूट आपटायला लागली की हात आपल्या मांडीवर.
कान मागे गेले की उठून पाणी प्यायला जायचं.
ती जेवत असली, झोपली असली, वाळूच्या ट्रेमध्ये असली
की आपली तिची ओळख नाही.
आणि पोट दाखवलं तरी पोटाला हात नाही.
"मग दाखवते कशाला?"
याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही.

खालून भंगारवाला ओरडत गेला.
शेजारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.
बोट थरथरायला लागलं तेव्हा कुठे
दिवाणाखालून मिशा.
ओलं नाक टेकलं, एवढंच,
आणि परत आत.
"बाबा," कुजबुजली, "तिने मला वाचलं."

दुपारी स्केचपेनने पाटी केली.
पुण्यात पाटी लागते, हे काही मी शिकवलेलं नाही.

रात्री टीव्हीसमोर
ती सोफ्याच्या त्या टोकाला, मी या,
मध्ये उशी, दर शनिवारसारखी.
मी बोलावलं नाही.
काय खाणार, शाळेत काय झालं, आई कशी आहे,
काही विचारलं नाही. तोंड टीव्हीकडे.
कधीतरी उशी खाली पडली.
एक गार तळपाय माझ्या मांडीला लागला,
थांबला.
मग बऱ्याच वेळाने डोकं.
हाताला मुंग्या आल्या, सिनेमा संपला,
पंख्याचा वेग कमी करायचा होता.
हललो नाही.

रविवारी संध्याकाळी तिला वनाज स्टेशनवर
आईच्या हातात दिलं.
घरी आलो तर भिंतीवर, मांजराच्या उंचीवर,
वाकून वाचावी लागली:

येथे फोडणी राहते.
शेपूट ओढू नये. आपमान होतो.
पोट फक्त बघायला आहे.
ती झोपली असेल तर तुम्हीपण झोपा.
सारखं सारखं बोलवू नये.
येते ती.
हुकुमावरून,
शर्वरी (वय साडेसहा)