तोंडाने काही देऊ नये

चौदा नंबरच्या उशाशी पाटी मीच टांगली.
सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा, वर मार्करनं, घाईत,
आधी कन्नड, खाली मराठी:
तोंडाने काही देऊ नये.
दोरी नव्हती म्हणून गॉजची पट्टी बांधली.

पाटी लिहिणं, पाटी पाळणं, एवढं माझं.
कधी काढायची ते डॉक्टर ठरवतील,
त्यांना कधी विचारायचं ते स्टाफ सिस्टर.
मधली रात्रभर
तहानलेल्या डोळ्यांसमोर कुणी उभं राहायचं
हे कुणाला ठरवावं लागत नाही.

मोनाप्पा उचगावकर, वय एकसष्ट,
उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली.
व्यवसायाच्या रकान्यात मुलानं सांगितलं, पेंटर.
मला वाटलं, घरं रंगवतात.
"न्हवं ओ सिस्टर, बोर्ड.
शहापुरातले निम्मे बोर्ड बाबांचेच की, दोन्ही भाषेतले.
भांडण झालं की एक पुसायचं, दुसरं लिव्हायचं,
थंड झालं की परत पहिलं.
दोन्ही बाजूंनी पैशे मिळायचे."
तो हसला,
मग हसल्याची त्यालाच लाज वाटली.

दर दोन तासांनी कूस बदलते.
पाठीखाली हात घालून बघते, कातडी तापली का.
पिशवीत लघवी किती, रंग कसला.
दाब एकशे ऐंशीवर शंभर.
ओल्या गॉजनं ओठ पुसते, तेवढं चालतं,
एकही थेंब आत न जाऊ देता.
सहा नंबरवर हुक्केरीची म्हातारी ओरडते, अव्वा, नोवु.
स्वल्प तडीरी, तिला म्हणते.
दहाला, थोडं थांबा.
अकराच्या खालाला, जरा ठैरो.
थांबायला सांगणं मला तीन भाषांत येतं.

तीनच्या सुमाराला
त्यांचं डावं बोट चादरीवर चालायला लागलं.
एक आडवी रेघ.
परत तीच.
खाली अक्षर काही येईना.
वाकून विचारलं, पाणी? नीरु?
डोळे घट्ट मिटले. नाही.
दुखतंय? नाही.
मुलाला बोलवू? तो बाकावर झोपलाय. नाही, नाही.
परत रेघ,
आणि बोट उचलून माझ्या खांद्यावरून मागे.

वळले.
माझीच पाटी.
कन्नड ठीक होतं, त्याला वरची रेघ लागत नाही.
मराठीची मात्र 'तोंडाने'पासून निघालेली
'नये'पर्यंत येता येता बोटभर खाली घसरलेली,
आणि उतारावर अक्षरं
एकमेकांना धरून बसलेली,
भरलेल्या टेम्पोतल्या बायकांसारखी.

रात्री तीन वाजता, उजवं अंग गेलेलं असताना,
त्या माणसाला हे खुपत होतं.

नवा पुठ्ठा घेतला, रजिस्टरवरची लाकडी पट्टी घेतली,
त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.
बोट म्हणालं, वर.
अजून.
बस्स.
आधी रेघ ओढली, मग एकेक अक्षर
खुंटीला सदरा अडकवावा तसं.
'देऊ'मधल्या 'ऊ'ला त्यांनी पुन्हा डोळे मिटले,
तेवढं मी ऐकलं नाही.
सहा नंबरला कळ आली होती.

परत आले तेव्हा झोपले होते.
दाब एकशे साठ. गोळी साडेअकराचीच,
तिचाच गुण असणार.

सात वाजता चार्ज दिला.
नाडी, दाब, लघवी, पाठ कोरडी.
"बोलले काही?"
नाही. पण समजतं सगळं. चुका काढतात.
स्टाफ सिस्टरनी मान वर न करता लिहिलं:
सूचना पाळतो.

पाळली मी होती. पण त्याला रकाना नाही.

खडेबाजारातून चालत निघाले.
दुकानं बंद, बोर्ड उघडे.
मान वर करून प्रत्येकाची रेघ बघत गेले,
ही सरळ, ही सरळ, ही कुणा दुसऱ्याची.
हिंडलग्याची बस समोरून गेली
ती दिसलीच नाही.