अर्धा मायक्रॉन

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा. पत्र्याची शेड.
निकेलची टाकी हिरवी, तांब्याची निळी,
सोन्याची सगळ्यात लहान, बादलीएवढी,
तिला कुलूप.

पदक आमच्याकडे येतं तेव्हा जस्ताचं असतं,
राखाडी, ओबडधोबड, अजून कोणाचंच नसलेलं.
बोईरबाई ते तारेत ओवतात.
तांबं, पाणी, निकेल, पाणी,
आणि शेवटी कुलूप उघडून मी:
वीस सेकंद.
तेवढ्यात अर्धा मायक्रॉन सोनं चढतं.
गळ्यात घालून फोटो काढेपर्यंत पुरतं.

यंदा दोनच ऑर्डरी धड होत्या.
एक अमेरिकेची, शाळांतल्या शर्यतींची, नऊ हजार नग.
दुसरी घोडबंदरच्या ढवळेसाहेबांची:
'विश्वशांती गौरव', एकशे चाळीस,
आणि वर एक मोठं, मखमली पेटीतलं.
मी विचारलं, मोठ्यावर नाव कोणाचं?
म्हणाले, निवड समिती बसायचीय अजून.
मग जिन्यावरून मागे वळून म्हणाले,
समितीचा अध्यक्ष मीच आहे,
तुम्ही 'ढ' कोरायला घ्या.

त्याच आठवड्यात टपरीवरच्या टीव्हीत
दुसरेच एक अध्यक्ष बोटं मोडून मोजत होते:
हे युद्ध मी थांबवलं, ते मी, पलीकडचंही मीच.
पदक मात्र थंड देशातल्या समितीने
भलत्याच्याच गळ्यात घातलं.
अटलांटिकच्या काठावरचे त्यांचे जुने दोस्त
(आमच्याकडून बघितलं तर अलीकडचे)
आधी हसले, मग हसल्याबद्दल खुलासा केला,
मग कुणाच्या सैन्याचा खर्च कुणी द्यायचा
यावरून जेवणाच्या टेबलावरून उठले.
कासमभाईने बफिंगचं चाक थांबवलं.
म्हणाला, आपल्याला सांगायचं ना,
करून दिलं असतं.
रिबीन फुकट.

पंधरा दिवसांनी नऊ हजार नग
न्हावाशेव्याच्या गेटवरून परत.
तिकडून मेल: नवी ड्यूटी लागली,
भाव पाडा, नाहीतर राहू द्या.
मी युरोपातल्या एकाला विचारून पाहिलं.
त्याने फार सभ्यपणे कळवलं,
तुमचं निकेल आमच्या मुलांच्या कातडीला चालत नाही,
शुभेच्छांसह.
दोघं भांडतात ते खरंच भांडत असतील,
पण नाही म्हणताना
एकाच लेटरहेडवर लिहितात.

दुपारी डबा खाताना मी बोईरबाईंना म्हटलं,
तुमचं कोलशेतच्या जागेवरून दिराशी होतं ना,
मिटलं का ते?
कुठलं, म्हणाल्या. अकरा वर्षं झाली. कोर्टात आहे.
बोलणं नाही, लग्नाकार्याला नाही.
पण कोयता आता माळ्यावर असतो.

कोणी ठेवला?
त्यांनी भाकरीचा तुकडा बोंबलाच्या कालवणात बुडवला,
मी सवयीने सेकंद मोजू लागलो.
आठवत नाही आधी कोणी, म्हणाल्या.
माळा आमचा आहे.
शिडी त्यांची.

ढवळेसाहेबांचा सोहळा झाला म्हणे झकास,
तलावपाळीवर दोन कमानी होत्या.
महिन्याभरात पेटी परत आली,
कडेने तांबं दिसायला लागलं होतं.
मी म्हटलं, साहेब, घातलंत का हे रोज?
घाम लागला की उतरतं.
ते म्हणाले, गॅरंटी काय मग?
मी बिलाची मागची बाजू दाखवली.
ती त्यांनी बराच वेळ वाचली.
तिथे काहीच छापलेलं नाही.

नऊ हजार नग अजून मोरीशेजारी, खोक्यांत.
प्रत्येकावर एक धावणारं पोर,
एक पाय हवेत.
डबा धुवायला जाताना बोईरबाई
त्यांना वळसा घालून जातात.