तोरबाचं आभाळ

परळीत लाइट गेली की थर्मल कॉलनी अजून हसते.
विजेच्या गावात अंधार, म्हणते, आणि सतरंज्या घेऊन
आमच्या गच्चीवर येते.
मुंजाजी, मैनोद्दीन, गित्त्यांची दोन पोरं,
आणि पहिल्यांदाच ऐकणारं कुणीतरी एक, हमखास.

"सांगा की वो, ते उत्तरेचे उजेड."

मी सांगतो.
रात्री नऊला बस. प्रत्येकाला एकेक जाडजूड पोशाख,
तिथं कपड्यालाही थर्मलच म्हणतात.
(मैनोद्दीन इथं मांडीवर थाप मारतो.)
कुशावर्तानं लुगडं सोडलं नाही. आतल्या आत कोंबलं
आणि भरल्या पोत्यासारखी पायऱ्या चढली.
गाइडचं नाव कुणाच्याच तोंडात बसेना,
तोरब्यॉर्न की असंच काहीतरी.
पहिल्या वळणावरच तिनं त्याचा तोरबा केला.
तोही ओ देऊ लागला.

तोरबा मोबाइलवर ढग बघायचा.
ढग इकडं, म्हणून बस तिकडं.
एक देश संपला, दुसरा लागला, नाक्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.
मुंजाजी दर वेळी विचारतो, "टोल?"
नव्हता टोल.
इथून पूर्णेला जावं, परत यावं, पुन्हा जावं
एवढं पळालो
ढगातल्या एका फटीसाठी.

दोन वाजता बस थांबली. गोठलेलं तळं.
दिवे बंद, तोरबा म्हणाला. वर बघा.
मी वर बघितलं.

इथं मी थांबतो. गच्चीही थांबते.
मग फोन फिरतो हातोहात:
हिरवं, त्याला जांभळे काठ,
कुणी इरकल वाळत घातलंय जसं, आभाळभर.

ते तोरबाच्या कॅमेऱ्यानं बघितलं होतं.
यंत्राचा डोळा पंधरा-पंधरा सेकंद उघडा राहतो म्हणे.
माझा माणसाचा,
त्यात एकतीस वर्षं राख गेलेली.
मला दिसला एक धुरकट पट्टा,
हलतोय म्हणावं तर हलत नव्हता,
आणि मी तो ओळखला.
मार्चमध्ये बंधाऱ्यावर वारा सुटतो
तेव्हा वस्तीवरून सरकत येतो,
पापडांवर बसतो, झाकल्या हंड्यावर बसतो,
झोपलेल्या पोरांच्या पापण्यांवर.
तोच.
पोरीचे साडेचार लाख घालून, जगाच्या टोकाला येऊन
मी मपलीच राख बघत उभा होतो.

हे गच्चीवर सांगत नाही.

शेजारी कुशावर्ता. तोंड वर, हातमोज्यातले हात जोडलेले,
डोळ्यांतून पाणी. थंडीनं असेल.
"दिसलं का?"
"दिसलं."
"कसला रंग?"
"हिरवा. कवळ्या ज्वारीवाणी."
"हां," मी म्हणालो, "मलाबी."

चार वर्षं झाली त्याला.
तिचे दोन्ही मोतीबिंदू तेव्हाच पिकलेले होते,
परत आल्यावर अंबाजोगाईत कळलं.
त्यातून हिरवं दिसतं का, डॉक्टरला विचारणार होतो.
दाराशी जाऊन चप्पल घातली आणि आलो.
पोरीला फोनवर तीच सांगते,
दर वेळी थोडं वाढवून.
आता त्या हिरव्यात एक मोरही आलाय.

आज पहिल्यांदा ऐकणारी गित्त्यांची भाची आहे, सोनपेठची,
सहावीत असेल.
फोन तिच्याकडं गेला, तिनं बघितला, उलटा ठेवला.
"हे नाही आजोबा. तुमाला कसं दिसलं?"

चिमणीवरचा लाल दिवा लागतो, विझतो, लागतो.
मुंजाजी खोकतो.
कुशावर्ता पदरानं कठड्यावरची राख पुसते,
पुसलेल्या जागी टेकते, माझ्या अगदी जवळ.
"सांगा की," म्हणते, "कवाचं इचारायलीय ती."

तेवढ्यात लाइट येते.
आली, आली, करत सगळे उठतात,
सतरंज्या झटकतात, जिन्यात चपला शोधतात.
पोरगी उठत नाही.
कुशावर्ताही.