दोन बोटं जागा

चौगुले वकीलबाईंनी पिशवीतून काढलं तेव्हा
राज्यघटनेचं पुस्तक तीन तुकड्यांत होतं.
"पाठ मोडलीय," म्हणाल्या, "बघ, शाहिस्ता, उभी राहते का."
पापाच्या तिकटीजवळच्या आमच्या बोळात
भर दुपारीही दिवा लावून बसावं लागतं.

शाळेत असताना मला वाटायचं
घटना म्हणजे काहीतरी घडलेलं,
अपघात, नाहीतर आग.
सव्वीस नोव्हेंबरला बाईंनी फळ्यावर लिहिलं 'राज्यघटना',
तर मी घरी येऊन विचारलं, कोण गेलं?
अब्बा दाभण बाजूला ठेवून हसले.
"कोण गेलं न्हाई. आलंय म्हणायचं."

आजोबा दरबारी दप्तरं शिवायचे.
एकोणपन्नासच्या मार्चात संस्थान विलीन झालं,
लाल खारव्याचा अर्धा तागा तसाच उरला.
आता कुणाच्या वह्या शिवायच्या
हे त्यांना वर्षभर कुणी सांगितलं नाही.
आजीनं त्यातल्या उशा केल्या.

शिलाई उसवली की पुस्तक खरं बोलतं.
दोनशे सव्वीसपाशी ते आपोआप उघडतं,
कडा काळ्या, चहाचा एक गोल,
कुणाच्या तरी अटकेच्या रात्रीचा असेल.
सतराव्या कलमाखाली पेन्सिलची रेघ, इतकी दाबून
की मागल्या पानावर ती बोटाला लागते.
आणि चौथ्या भागातली दोन पानं
छापखान्यापासूनच एकमेकांना चिकटलेली.
इतक्या वर्षांत कुणी फोडलीच नाहीत.
मी सुरी फिरवली. आत निर्वाहापुरतं वेतन, असं काहीतरी.
वाचत बसले.
मला एका पाठीचे ऐंशी रुपये मिळतात.

मग फर्मे लावले. उद्देशिका वर,
खाली भाग, शेवटी अनुसूची,
आठ होत्या म्हणे, बारा झाल्यात.
दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या बाईंनी डिंकानं जागोजाग डकवलेल्या,
त्यानंच पोट फुगलं आणि पाठ गेली.
अब्बा असते तर ओरडले असते,
"वाढत्या पुस्तकाला घट्ट शिवतात व्हय?
लेकराच्या झग्याला सोडतो तशी
पाठीत दोन बोटं जागा सोड."
सोडली. मध्ये कोऱ्या पट्ट्या शिवल्या,
पुढं जे यायचं ते चिकटवायला.
पण फार सोडली तर पानं खेळतात,
आणि खेळणारं पान एक दिवस हातात येतं.
तेव्हा बोटं कुणाची मोजायची,
हे मात्र अब्बांनी सांगितलं नाही.

पाठीला कातडं सुभाषनगरच्या सातपुत्यांचं,
चपलांच्या पट्ट्यांतून उरलेलं.
खळीत चिमूटभर मोरचूद.
कसरीला कायदा कळत नाही.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. झालं का?
उद्या तारीख आहे, सकाळीच लागेल.
पुस्तक शिकंज्यात होतं. मी पाठीवर हात ठेवून पाहिला.
सकाळी नाही जमायचं, म्हटलं.
अजून ओलं आहे.