उपासाचं पीक

मापो टेकडीवरून इबादान म्हणजे नुसते गंजलेले पत्रे,
चढत, उतरत, पुन्हा चढत.
पहिल्याच रविवारी अकिनवांडेने मला वर नेलं,
प्रयोगशाळेत पांढऱ्या माशा मोजतो तो.
म्हणाला, हरवलास तर इथे ये
आणि तुझा पत्रा शोध.

माझा पत्रा म्हणजे इया अबिदेमींच्या घराची मागची खोली.
खाट, टेबल, दोन बादल्या,
खिडकीला जाळी, आणि जाळीतून हरमाटानची धूळ,
गिरणीतल्या पिठासारखी
वहीवर, उशीवर, दाढीच्या ब्रशवर.

मी कसाव्याच्या कोकड्यावर काम करतो.
आमच्याकडे ह्याचा साबुदाणा होतो,
हे बाईंना सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी :
मोत्यांएवढे दाणे, भिजवायचे, वर दाण्याचं कूट.
कधी खाता?
उपास असेल तेव्हा.
उपास म्हणजे न खाणं ना?
हो.
आणि तेव्हा हे खाता?
हो.
बाई इतक्या हसल्या की शेजारीण आली,
मग तिलाही सांगावं लागलं.
त्यानंतर महिनाभर बोडिजाच्या बाजारात
गरी विकणाऱ्या बायका पाटीमागून विचारत,
आज उपाशी का रे? किती किलो देऊ?

इथे प्रत्येक गोष्टीला नमस्कार आहे.
काम करणाऱ्याला ए कू इशे.
बसलेल्याला, तो बसलाय म्हणून.
उभा असलास तर उभं राहिल्याबद्दल.
आधी वाटलं टोमणा आहे.
आमच्याकडे कुणी म्हणालं, काय, बसलात का,
तर उत्तर जपून द्यावं लागतं.

अबिदेमी बारा वर्षांचा.
वीज आली की गल्लीत पहिला ओरडतो, अप नेपा!
मग ती आरोळी पत्र्यांवरून पळत
खालच्या मशिदीपर्यंत जाते.
त्याच्या नावाचा अर्थ मी सहज विचारला.
हातात आमालाचा घास होता,
नाचणीच्या उकडीसारखा, ऊनऊन.
बाप घरी नसताना जन्मलेला, बाई म्हणाल्या,
तेव्हा हे कानोच्या रस्त्यावर, ट्रकवर होते. अजून असतात.
मी घास एवेदूत बुडवला, आणि बुडवूनच ठेवला.
मिरजेला ज्ञानदाला सातवा संपत आलाय,
हे सांगितलं नाही.
तारीख माघातली, माझं तिकीट वैशाखातलं.
जा, ती म्हणाली होती, पानं काही तुझ्यासाठी
कोकडायची थांबणार नाहीत.
ह्यात राग किती होता
ते मला अजून मोजता आलेलं नाही.

फोन आला तेव्हा तिकडे साडेनऊ, इकडे पाच.
मेव्हण्याचा आवाज, मागे कुणाची तरी घाई,
मग एक अगदी नवा आवाज,
पत्र्यावर फांदी घासावी तसा,
मग नेटवर्क गेलं.

बाई ओसरीबाहेर गरी भाजायला बसल्या होत्या.
मी काय बोललो, कुठल्या भाषेत, आठवत नाही.
त्यांनी उलथणं खाली ठेवलं.
ए कू एवू ओमो.
हा नमस्कार माझ्या वहीत नव्हता.
एवू म्हणजे धोका, अकिनवांडेने मागाहून सांगितलं;
मूल झालं की आधी आईला हे म्हणायचं,
धोक्यातून पार पडलीस म्हणून.
ती इथे नव्हती. मी होतो.
गरी करपल्याचा वास येईपर्यंत
आम्ही दोघं तशीच उभी.

मुलगी, मी म्हटलं.
मग नाव ठरलेलंच आहे, बाई म्हणाल्या,
आमच्यात ते मुलीलाही चालतं.
दुपारपर्यंत गल्ली मला बाबा अबिदेमी म्हणू लागली.
खऱ्या बाबा अबिदेमींनी कानोहून
फोनवर हरकत घेतली म्हणे.

त्या दिवशीच्या तक्त्यात,
सतरा नंबरच्या रोपासमोर,
माशांच्या रकान्यात मी लिहिलंय
दोन किलो आठशे.
अकिनवांडेने ते पाहिलं,
पेन्सिल उचलली,
आणि अठरा नंबरपासून मोजायला लागला.