पड्या

बारशाला आत्यानं कानात सांगून ठेवलं, ते पिराजी.
दुसरं खासबागेत पडलं,
एका रविवारी, ऊन उतरताना.

सव्वा मिनिटाची कुस्ती.
बेळगावकडच्या पोरानं ढाक लावली
आणि वडलांना आभाळ दिसलं,
सगळंच्या सगळं.
हलगी वाजतच होती.
"कोण पडला?"
"साळोख्यांचा पडला की."
इतकंच. तेव्हा त्या शब्दाला दात नव्हते,
बातमी होती ती, गुळाचा दर पडला
तशीच एक.

सोमवारी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेले
तर कट्ट्यावरनं कोणतरी म्हणालं,
"या, पडलेलं पैलवान!"
बुधवारपर्यंत मधलं बरंच गळालं,
शेपटाला एक 'या' चिकटला.
पड्या.
क्रियापद होतं, त्याचा माणूस झाला.

पुढं सत्तावीस कुस्त्या मारल्या त्यांनी.
दोन गदा आणल्या. एक अजून
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मागं ठेवलेली असते.
लोक म्हणायचे, "पड्यानं मारली."

आमच्या घरात एक क्रियापद कमी होतं.
आई म्हणायची ऊन आलं, थंडी वाढली,
पहाटे एक स्वप्न दिसलं.
माझा दात हलून हलून पडला, तो "निघाला".
वाण्याच्या दारात चार आणे कमी पडले
की ती नुसतीच उभी राहायची, तळहात उघडा धरून.
आणि वडील जेवून उठले की म्हणायचे,
"जरा आडवा होतो."
शाळेत मी पड्याची पोरगी,
खो-खोत जिंकले तरी.

वस्तादांनी पहिले तीन महिने
त्यांना पडायलाच शिकवलं होतं.
हनुवटी छातीला. तळवा मातीवर आपट. श्वास सोड.
ताक, हळद, कापूर, लिंबू घालून
मुरवलेली ती माती.
ज्याला पडता येत नाही त्याची मान मोडते.
हे पेठेत कुणी कुणाला सांगत नाही.

मला तर ठाऊक होतं.
तरी मागल्या साली वॉर्डात शैलजा चौगुले
अकरा मतांनी गेली,
आणि निकालानंतर तिसऱ्या दिवशी मंडईत
ती समोरून आली, पदर सरळ, हातात मेथीची जुडी,
तेव्हा मी शेजारणीला कोपरानं ढोसलं,
"आली बघ पडेल."

पडेल.
व्याकरणात हा भविष्यकाळ.

तिनं ऐकलं. भाव न करता
मेथीचे पैसे दिले, सुट्टे घेतले नाहीत.

घरी वडील जेवत होते. ब्याऐंशीचे,
फुटक्या कानांनी त्यांना आता
निम्मंच ऐकू येतं. मी काही बोलले नाही.
त्यांनी ताटात हात धुतला,
भिंतीला धरून उठले,
आणि बाहेर बघत, अगदी सहज,
"जरा पडतो गं," म्हणाले.

मी पंखा दोनवर केला.
पडदा ओढला, उशी सारखी केली.
चौगुल्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं.
चपला घातल्या
आणि उंबऱ्यात उभी राहिले,
आत त्यांचा श्वास लागेपर्यंत,
नंतरही.